रिमोट हरवला की नवा लगेच का चालत नाही? उत्तर निकोला टेस्लाच्या बोटीत आहे

कळंबा म्हटलं की कोल्हापूरकरांना दोन गोष्टी पटकन आठवतात. एक तलाव आणि दुसरं जेल. पण शहर या बाजूला सरकत गेलं तशी तिसरी गोष्टही दिसायला लागलीय. बंगले, रो-हाऊस आणि रिमोटवर चालणारी त्यांची गेट आणि गॅरेजची शटर. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की या रिमोटची खरी किंमत कळते. गाडीतून उतरायचं नाही, भिजायचं नाही. बटण दाबलं, शटर वर.

सगळं भारी चाललेलं असतं आणि एक दिवस रिमोट हरवतो.

मग ऑनलाइन शोधाशोध होते. दिसायला डिट्टो तसाच रिमोट सापडतो. तेवढीच बटणं, तोच रंग, तसाच हुक. घरी येतो, बटण दाबलं की त्याचा लाइटही लागतो. शटर मात्र ढिम्म. सेल बदलला तरी ढिम्म. शेजारच्या काकांचा रिमोट आणून दाबला तरी ढिम्म.

आता आपल्याला वाटतं शटर बिघडलं. पण ते अजिबात बिघडलेलं नसतं. अनोळखी रिमोटचं ऐकायचं नाही, हेच तर त्याचं काम आहे.

लांबून एखादं यंत्र चालवणं ही अर्धीच गोष्ट झाली. ते यंत्र फक्त आपलंच ऐकेल आणि दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, ही उरलेली अर्धी गोष्ट, आणि अवघड तीच आहे. हे अगदी सुरुवातीला ज्याच्या डोक्यात आलं त्या माणसाचं नाव निकोला टेस्ला. विजेच्या एसी मोटरमुळे तो सगळ्यांना माहितीय. पण आपल्या गॅरेजच्या शटरशी त्याचं जे नातं आहे, ते फारसं सांगितलं जात नाही.

आईकडून आलेलं डोकं

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात आणि आजच्या क्रोएशियात. घर सर्बियन. वडील मिलुटिन हे ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. पोरानंही धर्मगुरू व्हावं ही त्यांची इच्छा. आई जुका शाळेत गेलेली नव्हती, पण घरातली लहानसहान अवजारं ती स्वतः बनवायची आणि लांबलचक लोककाव्यं तिला तोंडपाठ होती. आपल्यातली शोधकवृत्ती आईकडून आली, असं टेस्ला पुढं आयुष्यभर मानत राहिला.

१८७५ मध्ये तो ग्राझच्या तंत्रशाळेत शिकायला गेला. सुरुवातीला अभ्यासात एक नंबर, नंतर गाडी घसरली आणि डिग्री न घेताच तो बाहेर पडला. बुडापेस्टच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. तिथंच १८८२ मध्ये त्याला फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. म्हणजे कार्बनचे ब्रश न लावता एसी करंटवर मोटर फिरवायची कल्पना. त्यानंतर पॅरिसमध्ये एडिसनच्या कंपनीत काम केलं आणि जून १८८४ मध्ये त्यानं न्यूयॉर्क गाठलं. तेव्हा खिशात फक्त चार सेंट होते, असं सांगितलं जातं.

एडिसनच्या कंपनीत तो सहाएक महिने टिकला. स्वतःची कंपनी काढली, तर गुंतवणूकदारांनी त्यालाच बाहेर काढलं. १८८६-८७ च्या सुमारास या माणसावर न्यूयॉर्कमध्ये चर खणायची मजुरी करायची वेळ आली होती.

पण १८८८ मध्ये चित्र पालटलं. एसी मोटरची पेटंट मिळाली आणि जॉर्ज वेस्टिंगहाऊस या उद्योगपतीनं त्यांचे हक्क घेतले. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेनं उजळलं. १८९६ मध्ये नायगाराच्या धबधब्यावर तयार झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची आणि स्वामी विवेकानंदांची भेटही झाली होती.

मधल्या काळात एक मोठा फटकाही बसला. मार्च १८९५ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेला आग लागली. यंत्रं, टिपणं, वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. त्यानं नव्या जागेत पुन्हा शून्यातून सुरुवात केली आणि यावेळी त्याचं सगळं लक्ष होतं बिनतारी लहरींवर.

पाण्याच्या टाकीत बोट, हातात पेटी

तो काळच तसा होता. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती आणि दारूही उडवून दाखवली होती. इटलीचा मार्कोनी तारेशिवाय संदेश पाठवायच्या मागं लागला होता. टेस्लाला मात्र निरोप पाठवण्यापेक्षा यंत्राला हुकूम देण्यात जास्त रस होता.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं टेस्लानं पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली. लांबी साधारण चार फूट. आत बॅटरी, मोटर, सुकाणू आणि वर दिवे. बोटीला कुठलीही वायर नाही. टेस्ला लांब उभा राहून एका पेटीवरचा दांडा हलवायचा आणि बोट वळायची, थांबायची, दिवे लावायची.

कळंबा तलावाच्या काठावर कुणी आज ड्रोन उडवला तर आपण मान वर करून बघतो आणि पुढं जातो. पण १८९८ मध्ये रेडिओ हा शब्दही लोकांच्या तोंडी नव्हता. त्यामुळं बघणारे चक्रावले. कुणाला ती जादू वाटली, कुणाला मनाच्या शक्तीचा खेळ, तर कुणाला वाटलं आत शिकवलेलं माकड बसवलंय. टेस्लाही कमी नव्हता. लोकांना तो बोटीलाच प्रश्न विचारायला सांगायचा. ६४ चं घनमूळ किती असं विचारलं की बोटीचे दिवे चार वेळा लुकलुकायचे. दिवे अर्थातच टेस्ला लावत होता.

आत काय होतं? धातूची पूड भरलेली एक नळी. लहर आली की पुडीतून करंट वाहायला लागायचा. तेवढ्यावर एक रिले चालायचा आणि एक चकती एक घर पुढं सरकायची. प्रत्येक घराला वेगळं काम. पहिल्या इशाऱ्याला सुकाणू एका बाजूला, दुसऱ्याला थांब, तिसऱ्याला दुसऱ्या बाजूला, चौथ्याला पुन्हा थांब.

ओळखीचं वाटतंय ना? आज एका बटणावर चालणारी बरीच सरकती गेट अशीच चालतात. एकदा दाबलं की उघड, पुन्हा दाबलं की थांब, पुन्हा दाबलं की बंद. चकतीच्या जागी आता चिप आलीय, पण क्रम तोच.

८ नोव्हेंबर १८९८ ला त्याला या शोधाचं पेटंट मिळालं. क्रमांक ६१३८०९. रेडिओ रिमोट कंट्रोलची सुरुवात म्हणून आजही याच पेटंटकडे बोट दाखवलं जातं.

पण शत्रूनंच बटण दाबलं तर?

त्या वर्षी अमेरिका आणि स्पेनचं युद्ध सुरू होतं. टेस्लाच्या डोक्यात होतं की अशा बिनमाणसांच्या बोटींनी समुद्रातल्या लढाईचं रूपच बदलेल. अमेरिकी सरकारला त्यानं हे गळ्याशी उतरवायचा प्रयत्न केला, पण तिकडून थंड प्रतिसाद आला.

त्यात एक अडचण खरी होती. बोट लहरींचं ऐकते, पण लहर कुणी सोडली हे तिला कसं कळणार? समोरच्यानं तशीच लहर सोडली तर आपलीच बोट आपल्यावर उलटायची.

ही नुसती शंका नव्हती. १९०१ च्या अमेरिका कप बोट शर्यतीची बातमी बिनतारीनं देण्यासाठी मार्कोनी आणि ली डी फॉरेस्ट यांच्यासह वेगवेगळे गट उतरले होते. सगळ्यांचे संदेश एकमेकांत मिसळले आणि पार गोंधळ झाला. १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक होतं. जादूगार असलेल्या नेव्हिल मॅस्केलिननं स्वतःच्या यंत्रातून मध्येच चिडवणारे संदेश घुसवले आणि ही यंत्रणा सुरक्षित असल्याच्या दाव्यातली हवा काढून घेतली. आजच्या भाषेत याला हॅकिंग म्हणतात.

टेस्लानं या रोगावर औषध त्याआधीच शोधलेलं होतं. १९०० मध्ये त्यानं त्यासाठी पेटंटचे अर्ज केले आणि १९०३ मध्ये दोन पेटंट त्याच्या नावावर झाली.

त्याची युक्ती बँकेच्या लॉकरसारखी होती. लॉकर उघडायला एक किल्ली आपली लागते आणि एक बँकेची. एकट्या किल्लीनं काही होत नाही. टेस्लानं एकाऐवजी दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पाठवल्या. रिसिव्हरमध्ये दोन सर्किट ठेवली, प्रत्येक एकाच फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देणारं. दोन्ही एकदम जागी झाली तरच रिले चालणार. एकच जुळली तर यंत्र गप्प.

याचा फायदा गणितात बघा. समजा एक लहर शंभर प्रकारे लावता येते. मग अंदाजानं ती जुळायची शक्यता शंभरात एक. दोन लहरी लागत असतील तर हीच शक्यता दहा हजारात एक होते. तिसरी घातली तर दहा लाखात एक. आज रिमोटच्या कोडमध्ये आकडे वाढवत नेतात, ते याच हिशोबानं.

रेजिनाल्ड फेसेंडेन नावाच्या दुसऱ्या संशोधकानं याच कल्पनेवर हक्क सांगितला होता. पेटंट ऑफिसात दोघांची झुंज झाली, साक्षी झाल्या आणि निकाल टेस्लाच्या बाजूनं लागला.

कागदावर जिंकला, खिशात हरला

इथून पुढची गोष्ट मात्र उतरणीची आहे.

१९०१ पासून टेस्ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक भला मोठा मनोरा उभारत होता. नाव वॉर्डनक्लिफ. जे. पी. मॉर्गन या बड्या सावकारानं त्यासाठी दीड लाख डॉलर दिले होते. टेस्लाला तिथून संदेश तर पाठवायचे होतेच, पण पुढं तारेशिवाय वीजही पाठवायची होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीनं त्यामानानं खूप साध्या यंत्रणेनं अटलांटिकपलीकडे संदेश पोहोचवल्याचं जाहीर केलं. मॉर्गननं पुढचे पैसे द्यायला नकार दिला. काम रखडलं आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडून टाकला गेला.

बोटीचं काय झालं? नौदलानं ती घेतली नाही. खेळणं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. १९१५ मध्ये टेस्लानं मार्कोनीच्या कंपनीवर दावा लावला, पण तो लढवत राहायला हातात पैसा नव्हता.

आणि पेटंटला मुदत असते. अमेरिकेत तेव्हा ती मंजुरीपासून १७ वर्षांची होती. म्हणजे बोटीचं पेटंट १९१५ मध्ये आणि दोन लहरींची पेटंट १९२० मध्ये संपली. अमेरिकेत घराघरांत गॅरेजचे रिमोट आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर टेस्लाच्या या कल्पना कुणीही फुकट वापरू शकत होतं. ज्या धंद्याची मुळं त्याच्या पेटंटमध्ये होती, त्या धंद्यातून त्याला एक पैसाही मिळाला नाही.

शेवटची वर्षं त्यानं न्यूयॉर्कच्या एकामागून एक हॉटेलांत काढली. बिलं थकायची, मग दुसरं हॉटेल. १९३४ पासून वेस्टिंगहाऊस कंपनी त्याला महिन्याला १२५ डॉलर द्यायला लागली. लग्न केलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या कबुतरांना दाणे घालणं हा त्याचा रोजचा नेम झाला होता. ७ जानेवारी १९४३ ला हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो एकटाच असताना गेला. वय ८६.

त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या रेडिओ पेटंटमधले दावे रद्द केले. आधी काम केलेल्या लोकांमध्ये कोर्टानं टेस्लाचंही नाव घेतलं. फक्त ते ऐकायला तो नव्हता.

त्याचा धडा लोकांना पुन्हा शिकावा लागला

महायुद्धानंतर गॅरेजची दारं उघडणारे रेडिओ रिमोट घराघरांत आले तेव्हा ते एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालायचे. बाकी कसली ओळख नाही. परिणाम काय? एकानं बटण दाबलं की शेजाऱ्याचंही दार उघडायचं. टेस्लानं ज्या प्रश्नावर १९०० मध्येच डोकं चालवलं होतं, नेमक्या त्याच प्रश्नात लोक अडकले होते.

मग रिमोटच्या आत छोट्या बटणांची एक ओळ आली. प्रत्येक बटण वर किंवा खाली. रिमोट आणि मोटर दोन्हीकडची ओळ जुळली तरच दार उघडणार. आठ बटणं असली तर २५६ जुळण्या, बारा असली तर ४०९६. शेजाऱ्याची अडचण सुटली. पण एवढ्या जुळण्या एखादं यंत्र मोजक्या मिनिटांत एकामागून एक करून बघू शकतं.

त्यानंतर आले कारखान्यातूनच कोड भरून येणारे रिमोट. आपल्याकडच्या स्वस्त रिमोटमध्ये सर्रास दिसणाऱ्या एका प्रकारात असे १०,४८,५७६ कोड असतात. तरी एक भोक राहिलंच. कोड दरवेळी तोच असल्यानं कुणी तो हवेतून पकडून ठेवला तर नंतर तसाच पुन्हा सोडू शकतो.

त्यावरचा उपाय म्हणजे १९९० च्या दशकात पसरलेला रोलिंग कोड. यात प्रत्येक वेळी बटण दाबलं की नवा कोड जातो. रिमोट आणि रिसिव्हर या दोघांकडे एकच गुपित आकडा आणि एकच मोजणी असते, त्यामुळं पुढचा कोड कोणता हे दोघांनाच माहीत. जुना कोड पुन्हा आला की रिसिव्हर तो केराच्या टोपलीत टाकतो.

मग आता आपल्या शटरचं काय करायचं?

इतकं समजलं की रिमोट शोधणं सोपं जातं. रिमोटचा रंग आणि आकार बघून खरेदी करू नका. क्रमानं हे बघा.

पहिलं, मोटरवर किंवा तिच्या कंट्रोल बॉक्सवर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो काढा. दुकानदाराला जुन्या रिमोटपेक्षा हा फोटो जास्त उपयोगी पडतो, कारण नवा रिमोट जुळवायचा असतो तो मोटरमधल्या रिसिव्हरशी.

दुसरं, फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ४३३.९२ मेगाहर्ट्झ जास्त चालते, काही ठिकाणी ३१५ ही असते. दुसरा रिमोट हाताशी असेल तर त्याच्या मागे किंवा आतल्या छोट्या धातूच्या भागावर ४३३ किंवा ३१५ असा आकडा सापडतो. इथं चूक झाली तर पुढचं काहीच जुळणार नाही.

तिसरं, कोडचा प्रकार. आत बारीक बटणांची ओळ दिसली तर नव्या रिमोटमध्येही तशीच ओळ हवी आणि ती तशीच लावायची. ओळ नसेल तर रिमोट रिसिव्हरला शिकवावा लागतो. रोलिंग कोड असेल तर त्या रिसिव्हरला चालणारा, बहुतेक वेळा त्याच कंपनीचा रिमोट घ्यावा लागतो.

बाजारात कॉपी रिमोट मिळतात. ते स्वस्त असतात, पण दोन अटी आहेत. कॉपी मारायला चालू रिमोट हातात लागतो आणि साधा कॉपी रिमोट कायम तोच कोड पाठवणाऱ्या रिमोटचीच नक्कल करतो. रोलिंग कोडपुढं त्याचं काही चालत नाही.

चौथं, शिकवणं. रिसिव्हरच्या बोर्डवर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की लाइट लागतो, मग नव्या रिमोटचं बटण दाबायचं. रिसिव्हर त्याला लक्षात ठेवतो. नवा कोरा रिमोट आणला आणि शटर ढिम्म राहिलं, यामागं बऱ्याचदा एवढंच राहिलेलं असतं. घरातले सगळे रिमोट हरवले तरी याच मार्गानं नवा जोडता येतो, आख्खी मोटर बदलायची गरज नसते. बोर्डला घरातल्या विजेचं कनेक्शन असतं, त्यामुळं झाकण उघडायचं काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

पाचवं आणि बहुतेक जण विसरतात ते. रिमोट घरात कुठंतरी हरवला असेल तर ठीक, पण गाडीतून चोरीला गेला असेल तर नुसता नवा जोडून भागत नाही. जुना रिमोट अजूनही तुमचं शटर उघडू शकतो. अशावेळी रिसिव्हरमधले सगळे रिमोट पुसून टाकायला सांगा आणि घरातले उरलेले रिमोट पुन्हा एकेक करून जोडून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

टेस्लाच्या अस्थी आज बेलग्रेडमधल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्र मोजायच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं, पुढं एका कार कंपनीनंही ते घेतलं. रिमोटवर मात्र त्याचं नाव कुठंच नसतं. तरी शेजारच्या काकांनी त्यांचं बटण दाबल्यावर तुमचं शटर जागचं हलत नाही, त्यामागचा विचार १९०० सालच्या त्याच्या अर्जात लिहिलेला आहे.